बंद घड्याळांचे तीन फोटो

पुण्याहून आलेल्या बाईंनी माझ्या ट्रंकेतले फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि माझी झोपायची वेळ टळून गेली होती. सगळे फोटो घड्याळाच्या दुकानांच्या शोकेसचे होते. मिरज, सांगली, जयसिंगपूर, पार चिकोडीपर्यंतचे. सगळे मीच काढलेले. बाई हॉटेलांची सजावट करतात. कुठल्याशा नव्या हॉटेलाच्या भिंतीवर जुने काळे-पांढरे फोटो लावायचे होते, आणि माझं नाव त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

बाईंनी त्यातले तीन वेगळे काढले.

"हे बघा ना. सजावट तिन्हींत वेगळी. इथे राख्या, इथे गणपतीचं मखर, इथे आपट्याची पानं. आणि प्रत्येक घड्याळात वेगळी वेळ! एकात पावणेचार, एकात साडेआठ, एकात बारा वाजून पाच. त्या काळात असा विचार? कल्पना कुणाची हो ही?"

"ते तीन द्यायचे नाहीत," मी म्हटलं.

"का पण?"

"बाकीचे हवे तेवढे घ्या. ते राहू देत."

बाईंनी बरंच समजावून पाहिलं. मी ऐकत राहिलो. या वयात माणसाला नाही म्हणायलासुद्धा कष्ट पडतात, पण एकदा म्हटलं की मी हलत नाही. शेवटी बाकीचे अकरा घेऊन त्या गेल्या. मी ते तीन पुन्हा पाकिटात घातले. झोप गेलीच होती.

त्या फोटोंसाठी पहिल्यांदा माझ्याकडे कुणी आलं, ते पंचाहत्तर सालच्या मार्चमध्ये. त्रिशला उपाध्ये. तेव्हा ती सव्वीस-सत्तावीसची असेल. भर उन्हात माझ्या स्टुडिओची पायरी चढून आली आणि पाणीसुद्धा न घेता बाकावर बसली.

"रंगादादा, मागच्या वर्षीचे आमच्या शोकेसचे फोटो आहेत न्हवं तुमच्याकडं?"

"काचेच्या निगेटिव्ह आहेत. का गं?"

"राखीचा, गणपतीचा आणि दसऱ्याचा. मोठे करून पाहिजेत. कोर्टात लावायचेत. आणि तुम्हाला साक्षीला यायला लागतंय."

ती उपाध्ये वॉच कंपनीच्या धरणेंद्र उपाध्यांची एकुलती एक मुलगी. त्यांना सगळं मार्केट आण्णाच म्हणायचं. मिरजेत चाळीस वर्षं त्यांचं दुकान. जागा भाड्याची, मालक पुण्यात. जुने मालक गेले, मुलाच्या हातात कारभार आला आणि त्याने आण्णांवर दावा लावला. म्हणणं असं की दुकान सलग सहा महिने बंद होतं. धंद्यासाठी दिलेली जागा सहा महिने वापरली नाही तर कायद्याने मालकाला ती परत मागता येते. पानवाल्याने मालकाच्या बाजूने बंद होतं म्हणून सांगितलं. आजूबाजूचे दुकानदार अंग चोरून होते. कधी उघडं दिसायचं, कधी बंद, असं म्हणून मोकळे झाले होते. आण्णांचे वकील मगदूमसाहेब यांना मग फोटोंची आठवण झाली. तीन सण, तीन फोटो, तिन्हींत शोकेस सजलेली. बंद दुकानाची शोकेस कोण सजवतो?

"त्रिशला," मी म्हटलं, "दुकान बंद होतं. मला ठाऊक आहे."

तिने मान खाली घातली.

मला ठाऊक असणारच. त्या काळी घड्याळाच्या कंपन्यांची एक रीत होती. दर सणाला दुकानदाराने शोकेस सजवायची आणि फोटो कंपनीला पाठवायचा. फोटो गेला नाही तर एजन्सी दुसऱ्याला. आमच्या भागातले सगळे दुकानदार त्यासाठी मला बोलवायचे. चौऱ्याहत्तरच्या एप्रिलपासून आण्णांचं दुकान बंद होतं. चौकशी केली तर आण्णा म्हणाले, "मुंबईला नव्या घड्याळांचं शिकायला जातोय मधनंमधनं." पासष्ट वर्षांचा माणूस शिकायला जातो हे मला जरा चमत्कारिक वाटलं, पण मी कोण विचारणार? राखीच्या दोन दिवस आधी त्रिशलाचा निरोप आला, पहाटे या. गेलो तर शटर अर्धं वर, शोकेस लावून तयार. आण्णा आत खुर्चीवर, कोटाच्या खिशात हात घालून. ऑगस्टमध्ये कोट. "जरा लांबनं काढ रे," एवढंच म्हणाले. मी फोटो काढला, शटर खाली आलं. गणपतीला तसंच. दसऱ्याला तसंच.

"कशामुळं बंद होतं?" मी विचारलं.

"आण्णांना बरं नव्हतं."

"मग तसं सांगा की कोर्टात."

"मला बोलता येत नाही दादा. शपथ घातलीय." तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "दुकान गेलं तर आण्णा जगायचे नाहीत. एवढंच सांगते."

आण्णांनी मला धंद्यात उभं केलं होतं. माझ्याकडे स्टुडिओला जागा नव्हती तेव्हा त्यांच्या दुकानामागच्या बोळात मी काळा कपडा टांगून डार्करूम केली होती. नसतं लचांड गळ्यात पडतंय हे कळत होतं, तरी मी येतो म्हणालो.

त्या आठवड्यात मी काचा काढल्या आणि फोटो मोठे करायला घेतले. माझा कॅमेरा वडिलांच्या वेळचा, लाकडी, तिकाटण्यावरचा. काच मोठी, त्यामुळे शोकेसमधल्या घड्याळाचा बारीक काटाही ओळखू यावा. रसायनात पहिला कागद घातला, चित्र उमटलं, आणि मी लाल दिव्याखाली बराच वेळ वाकून बघत राहिलो.

सेकंदकाटे स्वच्छ दिसत होते.

दुसऱ्या कुणाला यात काही वाटलं नसतं. पण आण्णांची शोकेस मी दहा वर्षं काढत होतो. काचेआडचा उजेड कमी, म्हणून भिंगावरचं झाकण उघडून 'एक हजार एक' म्हणायचं, म्हणजे एक सेकंद, आणि बंद करायचं. तेवढ्या वेळात सेकंदकाटा सरकतो आणि फोटोत त्याच्या जागी पुसट पंख्यासारखं काहीतरी येतं. बाकीच्या दुकानांत काटे स्वच्छ यायचे, कारण तिथली घड्याळं बंदच असायची. साऱ्या जगात शोकेसची घड्याळं बंद ठेवून दहा वाजून दहा मिनिटांवर लावतात. कंपनीचाही तसाच आग्रह. आण्णांनी तो कधी मानला नाही. रोज सकाळी दुकानाचं दार आतून लावून ते बत्तीसच्या बत्तीस घड्याळांना किल्ली द्यायचे, वेळ जुळवायचे आणि मग शटर वर घ्यायचे. "घड्याळ चालताना दाखवायचं," म्हणायचे. कंपनीची पत्रं यायची, ते फाडून टाकायचे.

मी तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. काळ्या तबकडीच्या घड्याळात राखीला पावणेचार, गणपतीला पावणेचार, दसऱ्याला पावणेचार. त्याच्या शेजारच्यात तिन्ही वेळा साडेआठ. एकेक घड्याळ किल्ली संपली तसं आपापल्या वेळी थांबलं होतं आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता.

मगदूमसाहेबांना दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"समोरच्याच्या लक्षात आलं तर?"

"आलं तर मी उत्तर देतो," मी म्हटलं. उत्तर मला तिथे उभ्या उभ्याच सुचलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

तारीख एप्रिलमध्ये लागली. आण्णांना साक्षीचा त्रास कमी व्हावा म्हणून मगदूमसाहेबांनी कोर्टाच्या परवानगीने आधी मला उभं केलं. आण्णा मागच्या बाकावर त्रिशलाशेजारी, कोट घालून, हात खिशात. मगदूमसाहेबांनी विचारलं ते मी पोपटासारखं सांगितलं. होय, दुकान उघडं होतं. होय, मी फोटो काढले. होय, माल नेहमीसारखा मांडलेला होता.

मग मालकाचे सोवनी वकील उठले. सांगलीचे, गोड बोलणारे. भिंग घेऊनच आले होते.

"हुक्केरीकर, हे काळ्या तबकडीचं घड्याळ. राखीला किती वाजलेत?"

"पावणेचार."

"गणपतीला?"

"पावणेचार."

"दसऱ्याला?"

"पावणेचारच."

"म्हणजे प्रतिवादींच्या दुकानात तीन महिने पावणेचारच वाजत होते." कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही ओठांतल्या ओठांत हसले. "दुकान रोज उघडत होतं म्हणता, आणि घड्याळाला किल्ली द्यायला कुणी नव्हतं?"

"साहेब," मी म्हटलं, "शोकेसमधली घड्याळं चालू नसतातच. ती नुसती बघायला असतात. कुठल्याही दुकानासमोर उभं राहून बघा."

"या दुकानातही बंद असतात?"

"या दुकानातही. मी दहा वर्षं बघतोय. आण्णांच्या शोकेसला चालू घड्याळ मी कधी बघितलं नाही."

सोवनींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते सांगलीचे, मालक पुण्याचा. दोघेही त्या काचेसमोर कधी उभे राहिले नव्हते. सोवनींनी भिंग खाली ठेवलं. मगदूमसाहेबांनी कागदांत तोंड लपवलं, म्हणजे ते खूश होते. झालं, सुटलो, असं मनात म्हणेपर्यंत मागून बाक करकरला.

"खोटं बोलतोय तो."

आण्णा उभे होते.

"खाली बसा," शिरस्तेदार म्हणाला.

"माझ्या शोकेसला बंद घड्याळ नसतं. चाळीस वर्षांत कधी नव्हतं."

न्यायाधीश चष्म्यावरून बघत राहिले. "तुमची साक्ष जेवणानंतर घेऊ. तेव्हा काय ते सांगा. आता बसा."

सुटीत आम्ही व्हरांड्यात आलो. मगदूमसाहेब आण्णांपुढे अक्षरशः हात जोडून उभे राहिले.

"आण्णा, जिंकत आलोय आपण. तो म्हणाला त्याला नुसतं हो म्हणा. नाहीतर गप्प ऱ्हावा. घड्याळं चालत होती म्हणाल तर तो लगेच विचारणार, मग फोटोत बंद का?"

"विचारू दे."

"दुकान जाईल."

"जाईल तर जाईल. बंद घड्याळ मांडून गिऱ्हाइकाला दाखवायला मी काय जत्रेतला खेळणीवाला हाय?"

"आण्णा, मी तुमच्यासाठीच तसं बोललो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्रिशलाने डबा उघडून पुढे धरला, त्यांनी मान हलवून नको म्हटलं. ती समजूत घालेल, निदान चिडेल तरी, असं मला वाटत होतं. पण खांबाला टेकून ती जमिनीकडे बघत राहिली, आणि तिचे ओठ हलत होते. णमोकार मंत्र म्हणत असावी. मला तिचाही राग आला. आम्ही सगळे एका म्हाताऱ्याच्या हट्टापायी तोंडघशी पडणार आणि ही जप करतेय.

जेवणानंतर आण्णा पिंजऱ्यात उभे राहिले. मगदूमसाहेबांनी दोन-चार प्रश्न विचारून अंग काढून घेतलं. सोवनी वकील आता पुन्हा गोड झाले होते.

"उपाध्ये, तुमच्या शोकेसमध्ये घड्याळं चालू असतात?"

"असतात. रोज सकाळी मी किल्ली देतो."

"मग या तीन फोटोंत ती बंद का आहेत?"

"किल्ली दिली नव्हती."

"कारण दुकान बंद होतं."

"होय."

मगदूमसाहेबांनी डोळे मिटले. मी बाकाची कड धरून बसलो. चाळीस वर्षांचं दुकान एका शब्दावर गेलं, आणि तो शब्द सांगायची कुणी सक्ती केली नव्हती. सोवनींनी तिथेच थांबायला हवं होतं. पण जिंकणाऱ्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही.

"का बंद होतं?"

 आण्णांनी दोन्ही हात खिशातून काढले आणि समोरच्या कठड्यावर ठेवले.

हात नाचत होते. उजवा जास्त. कठड्यावर टेकवूनही बोटं थांबत नव्हती. नखं लाकडावर वाजत होती आणि कोर्टात तेवढाच आवाज होता. त्यांनी डाव्या हाताने उजवा दाबून धरला, तर दोन्ही मिळून हलायला लागले.

"मागच्या चैत्रात सुरू झालं," आण्णा म्हणाले. "आधी स्क्रू हातनं सुटायला लागले. चालवून घेतलं. मग एका मास्तरांचं घड्याळ दुरुस्तीला आलं, त्यांच्या सासऱ्यांनी दिलेलं. त्याची बालकमानी असते, केसापेक्षा बारीक. ती माझ्या हातनं मोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी शटर खाली घेतलं."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? घड्याळजी हाय मी."

"डॉक्टरला दाखवलं?" हे न्यायाधीशांनी विचारलं.

"बेळगावला. कंपवात म्हणाले. कागद हायत घरात."

साऱ्या मुलखातून माणसं औषधपाण्याला मिरजेत येतात, आणि हा मिरजेचा माणूस कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून बेळगावला जात होता. मुंबईचं शिकणं ते हे.

"किल्ली मुलीनं दिली असती," सोवनी म्हणाले, पण आता त्यांचा आवाज उतरला होता.

"मी तिला हात लावू दिला नाही. घड्याळ मी लावणार, नाहीतर कुणी नाही." मग आण्णा न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, दुकान बंद होतं हे खरं हाय. काय करायचं ते करा. पण फोटोतली घड्याळं बंद हायत ती माझ्यामुळं. ती माझ्या दुकानाची रीत न्हवे. एवढं लिहून घ्या."

ते लिहून घेतलं गेलं. आण्णा खाली उतरले. उतरताना त्यांनी हात खिशात घातले नाहीत.

मगदूमसाहेब माझ्या कानाशी आले. त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. "अहो, कायद्यात 'सबळ कारणाशिवाय' असं लिहिलंय. सबळ कारणाशिवाय बंद ठेवलं तरच जागा जाते. आजारपण हे सबळ कारण. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर तुमचे फोटोही नको होते आणि साक्षही नको होती."

मी त्रिशलाकडे पाहिलं. आता मात्र ती रडत होती.

कोर्टाच्या पायऱ्यांवर आण्णा माझ्यासाठी थांबले. भरदिवसा, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्यांचे हात लटकत आणि हलत होते. मी काहीतरी बोलणार होतो, त्यांनी बोलू दिलं नाही.

"दुकान उघडं होतं म्हणालास, त्याचं मला काही नाही. ते तू माझ्यासाठी बोललास. पण शोकेसला चालू घड्याळ कधी बघितलं नाही म्हणालास. रंगा, तू रोज बघत होतास. आख्ख्या गावात तुझ्याइतकं कुणालाच म्हाईत न्हवतं. तू ते बोलायला नको होतंस."

"चुकलो आण्णा."

"घड्याळाबद्दल माणूस एकदा खोटं बोलला की मला त्याचं काही खरं वाटत नाही," ते म्हणाले आणि त्रिशलाचा हात धरून पायऱ्या उतरले.

जूनमध्ये निकाल लागला. दावा फेटाळला. दुकान आण्णांकडे राहिलं.

दुसऱ्या दिवशी मार्केटमध्ये पेढे वाटले. मी स्टुडिओत बसून होतो. पानवाल्याला मिळाले, ज्याने विरुद्ध साक्ष दिली त्याला. माझ्या दोन्ही बाजूंच्या दुकानांत मिळाले. माझ्या पायरीवर कोणी आलं नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला त्रिशला आली, पदराखाली पुडा घेऊन.

"आण्णांनी नावं सांगितली, त्यात तुमचं नव्हतं," ती म्हणाली. "मी घरात बाजूला काढून ठेवले होते."

"कसे आहेत?"

"सकाळी मला दुकानात बसवतात आणि किल्ली द्यायला शिकवतात. आज बावीस जमली. जास्त पिळली की हातावर मारतात. रोज रडवतात." ती हसली, पुडा माझ्यापुढे ठेवला. "दादा, एक सांगू? मला आईच्या फोटोवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. मी जन्मात बोलू शकले नसते. आणि आण्णा आपण होऊन हात दाखवणारे न्हवेत, दुकान गेलं असतं तरी. तुम्ही त्या दिवशी तसं बोलला म्हणून ते उठले. तुमच्या त्या एका खोट्यानं दुकान ऱ्हायलं."

"हे त्यांना सांग की."

"सांगून बघितलं. ऊठ म्हणाले, पाणी आण."

मी पुडा सोडून एक पेढा तोंडात टाकला. ती समोर उभी होती म्हणून तरी तो खायला हवा होता. पुढच्या राखीला आण्णांनी शोकेसचा फोटो काढायला सांगलीहून माणूस आणला. त्यानंतर आण्णा नऊ वर्षं होते, रोज सकाळी दुकानात येऊन बसायचे, आणि ती नऊ वर्षं मी मार्केटमधून जाताना रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने जात राहिलो.